उत्तरेकडचा समुद्र

माझ्या नवऱ्याच्या कानात शीळ वाजते. ही गोष्ट आता आमच्या कोलेमाशी गावातल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक आहे, तेव्हा लपवून काय करू? लोक जे सांगतात त्यात निम्मं पदरचं असतं, म्हणून म्हटलं आपणच सांगावं.

नवऱ्याचं नाव ओदार्ते. धंदा साउंडचा. आमच्याकडे माणूस जिवंत असताना त्याचं कोणी ऐकत नाही, पण मेला की तीन दिवस अख्ख्या गावाला ऐकवतात. तंबू, प्लास्टिकच्या खुर्च्या, काळे-तांबडे कपडे आणि पुरुषभर उंचीचे स्पीकर. ते स्पीकर ओदार्तेचे. वीस वर्षं तो त्या दोन स्पीकरांच्या मधोमध उभा राहिला. मी कोमी विकते. मक्याचं पीठ आंबवायचं, गोळे करायचे, पानांत बांधून उकडायचे, सोबत तळलेली मासळी आणि काळं तिखट. त्याचं गिऱ्हाईक मेल्यावर येतं, माझं भूक लागली की येतं, एवढाच आमच्या दोघांच्या धंद्यात फरक.

शीळ सुरू झाली ती ट्रकवाल्या लार्येच्या आईच्या मयतात. तिचे दोन मुलगे जर्मनीहून आले होते आणि दर तासाला येऊन ओदार्तेला सांगत होते, "अजून वाढव. आईला कमी ऐकू यायचं." तीन दिवस त्यानं वाढवलं. रविवारी संध्याकाळी घरी आला, खुर्चीत बसला आणि मला विचारलं, "फ्रीज असा का किंचाळतोय?"

वीज सकाळपासून गेलेली होती.

मी तसं सांगितल्यावर त्यानं शेजाऱ्याच्या फ्रीजवर संशय घेतला, मग दिव्यावर, मग माझ्या पातेल्यावर. दिवा उतरवला, पातेलं अंगणात नेऊन ठेवलं. शेवटी दोन्ही कानांत बोटं घातली आणि तसाच उभा राहिला. बोटं घातल्यावर ती आणखी मोठी झाली होती. तेव्हा त्याला कळलं की शीळ घरात नाही, आणि मला कळलं की ही बाई आता आमच्याकडे राहायला आली.

मग सल्ले सुरू झाले. ज्याला स्वतःचा दातसुद्धा कधी दुखला नव्हता तोही कानाचा जाणकार निघाला. माझी सासू म्हणाली, उजवा कान वाजला की कोणीतरी कौतुक करतं, डावा वाजला की नाव ठेवतं. दोन्ही वाजतात म्हटल्यावर म्हणाली, "मग बरोबर आहे, तुझा धंदाच तसा आहे." औषधाच्या दुकानातल्या बाईनं कानात टाकायचे थेंब दिले आणि शीळ पोटातून येत असेल तर असू द्या म्हणून जंताच्या गोळ्याही दिल्या. आमच्या पाद्रीबुवांनी त्याला पुढच्या रांगेत, बरोबर स्पीकरखाली बसवलं आणि डोक्यावर हात ठेवून, मायक्रोफोन तोंडाला लावून, त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर पाऊण तास प्रार्थना केली. देव बोलावतोय, तू ओ दे, असं ते म्हणत होते. ओदार्तेनं ओ दिली ती आठ दिवस डोकं धरून.

शेवटी आम्ही सरकारी इस्पितळात गेलो. तिथली कानाची डॉक्टरीण, लॅम्प्टे तिचं नाव, वयानं माझ्या मुलीएवढी. तिनं त्याचे कान तपासले, काचेच्या खोलीत बसवून पीं-पीं ऐकवलं आणि सरळ सांगितलं, "आतली नस दुखावलीय. टिनिटस म्हणतात याला. हे बंद करायची गोळी नाही. कोणी विकत असेल तर घेऊ नका."

पैसे खर्च करून गेलेल्या माणसाला असं सांगितलं की राग येतो. मला आला. मी म्हटलं, "मग तुम्ही काय देता?"

तिनं पिवळी फोमची बोंडं दिली, कामावर असताना कानात घालायला. ओदार्तेनं ती खिशात टाकली. साउंडवाल्यानं कानात बोंडं घालायची म्हणजे मी कोमी विकताना नाकाला चिमटा लावण्यासारखं, असं तो बाहेर आल्यावर म्हणाला. पण त्याआधी तिनं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक त्याला: अगदी शांततेत झोपू नका, उशाशी काहीतरी हळू वाजत ठेवा, पंखा, पाऊस, समुद्र, म्हणजे शिळेला एकटीचं राज्य मिळणार नाही, हळूहळू मेंदू तिच्याकडे लक्ष देणं सोडतो. आणि एक मला: "रोज उठल्याउठल्या त्यांना विचारू नका, आज कशी आहे म्हणून."

"बायको आहे मी. विचारायचं नाही?"

"तुम्ही विचारलं की ते ऐकायला जातात. विसरले असतील तेव्हाही जातात."

आता हे औषध सगळ्यांत कडू होतं. मी वीस वर्षं या माणसाला येता-जाता प्रश्न विचारत आले आहे. तोंडाशी आलेला प्रश्न गिळायचा म्हणून मी दुसरंच विचारायला लागले: मासळी खाल्लीस का, चप्पल कुठंय. आठवडाभरात तो म्हणाला, "अमर्ले, तुला माझ्या चपलेची एवढी काळजी कधीपासून?"

रात्री पंखा लावून तो बरा झोपायचा. पण वीज गेली की पंखा बंद, आणि आमच्याकडे वीज येते त्याचीच आठवण राहते. मग दिवसा झोप काढायला तो माझा मका दळतात त्या गिरणीवर जाऊन पडू लागला. डिझेलवरची गिरणी, घडघड असा आवाज की शेजारचा माणूस बोलला तर फक्त ओठ दिसतात. ओदार्ते पोत्यांवर आडवा होऊन लहान मुलासारखा झोपायचा. रोज दुपारी घरातून गुपचूप नाहीसा होतो म्हटल्यावर गावानं त्याच्यामागे एक बाई लावून दिली. मला तीन जणींनी येऊन हळूच सांगितलं. मी म्हटलं, माहिती आहे, ती बाई माझ्या ओळखीची आहे, दिवसाला चार लिटर डिझेल पिते.

असं रडतखडत चाललं होतं, तेवढ्यात बाजरी पेरायचे दिवस आले.

दर वर्षी आमचे पांढऱ्या वस्त्रातले पुजारी अनवाणी जाऊन देवाच्या वावरात बाजरी पेरतात, आणि त्या दिवसापासून तीस दिवस गावात आवाजाला बंदी. ढोल नाही, लाउडस्पीकर नाही, मयताला गाणी नाहीत, चर्चमध्ये टाळ्यासुद्धा बोटांच्या टोकांनी. मक्याच्या गिरण्यांनासुद्धा फक्त सकाळचा एक तास. कोवळी बाजरी बिचकू नये, देवांना नीट ऐकू यावं, म्हणून. बंदीवर लक्ष ठेवायला दंडावर लाल फडकी बांधलेली टोळी असते. तिचा यंदाचा म्होरक्या क्पाक्पो. शाळेत असताना माझ्या पाटीसमोर उभा राहून दोन गोळे खायचा आणि तिसऱ्याकडे बघत राहायचा. आता गाडीत पुढच्या सीटवर बसतो.

सगळं गाव म्हणत होतं, काय ही शांतता, जीव निवला. माझ्या घरात मात्र दुसरं काही ऐकूच येईना म्हणून ती शीळ होती त्याच्या दुप्पट झाली. ओदार्तेला काम नाही, गिरणी नाही, वीजही नेमकी तेव्हाच रात्र रात्र जायला लागली. तो रात्रभर अंगणात फेऱ्या मारायचा आणि दिवसा भिंतीकडे बघायचा. गालफडं वर आली. तेराव्या दिवशी सकाळी मी चपलेचा प्रश्न विचारला, तर तो म्हणाला, "अमर्ले, मला हे आणखी जमणार नाही."

अगदी शांतपणे म्हणाला. आज मासळी नको, असं म्हणावं तसं. मयतांच्या धंद्यातल्या माणसाच्या घरी राहून मला इतकं कळतं की जी माणसं ओरडतात ती ओरडून मोकळी होतात, आणि जी असं शांतपणे बोलतात त्यांच्या मयताला आपण जातो. मी घाबरले. त्या दिवशीचं आंबवलेलं पीठ तसंच झाकून ठेवलं, फोन कंबरेला खोचला आणि तीन मैल चालत किनाऱ्यावर गेले.

मंगळवार होता. मंगळवारी समुद्राची सुट्टी असते, होड्या जात नाहीत. ना इंजिनं, ना जाळं ओढणाऱ्यांच्या शिव्या. मी वाळूत दोन तास फोन धरून बसले. खेकडे सोडले तर माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

घरी येऊन त्याला ऐकवलं. फोनमधून तो समुद्र पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा वाजला. ओदार्ते कितीतरी दिवसांनी चिडला. "हा समुद्र? याच्यात खालचा आवाजच नाही. लाट येतानाची ऐकू येते, जातानाची कुठंय?" आणि उठून कोठीतून एक स्पीकर ओढत घेऊन आला, गाडीची बॅटरी जोडली, आवाज पेनड्राइव्हवर घेतला, बटणं फिरवत बसला. दोन आठवड्यांत त्यानं पहिल्यांदा कशाला तरी हात लावला होता. बंदी आहे हे मला आठवत होतं. मी नाही म्हटलं नाही.

त्यानं आवाज अगदी हळू ठेवला. आता वीस वर्षं स्पीकरांमध्ये उभ्या राहिलेल्या माणसाचं हळू आणि इतरांचं हळू यांत थोडा फरक असणार, पण त्याच्याशेजारी वीस वर्षं झोपलेल्या बाईलाही तो कळला नाही. तो झोपला. तो झोपला म्हणून मी झोपले.

आमच्या मागच्या घरात आवो कोर्कोई राहतात. कोळ्याची विधवा, वय ऐंशीच्या पुढे. आयुष्य किनाऱ्यावर गेलं, समुद्र नेहमी पायांशी, दक्षिणेला. पहाटे त्यांना जाग आली तर समुद्र उशाशी, उत्तरेकडून. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. समुद्र घराला वळसा घालून मागून आला याचा अर्थ कोळ्याच्या बाईला समजावून सांगावा लागत नाही. त्यांनी पातेलं डोक्यावर घेतलं, कोंबडा काखेत मारला आणि दिसेल ते दार बडवत शाळेच्या टेकडीकडे निघाल्या. उजाडेपर्यंत टेकडीवर साठ माणसं जमली होती. एकानं टीव्ही आणला होता, एकानं सासूला घरी विसरून टीव्ही आणला होता असंही म्हणतात. पाद्रीबुवा आधीच वर पोहोचले होते. मग सूर्य उगवला आणि सगळ्यांना समुद्र दिसला, होता तिथेच.

संकट खोटं निघाल्याचा आनंद माणसाला फार वेळ पुरत नाही. टेकडी उतरेपर्यंत सगळ्यांना आठवलं की आपण रात्रीच्या कपड्यांत आहोत. आवाजाचा माग काढत ते आमच्या अंगणात आले तेव्हा ओदार्ते अजून झोपलेला होता, तोंड उघडं टाकून, आणि समुद्र चालू होता. त्या गर्दीत उभी राहून मला एवढंच वाटत होतं की याला कोणी उठवू नका.

क्पाक्पो आला. "आंटी अमर्ले, बंदी मोडलीत तुम्ही."

"ढोल दिसतोय का तुला कुठं?"

"आवाज तो आवाज. स्पीकर जप्त होणार. पंचांपुढे सुनावणी."

"कधी?"

"मान्त्से लंडनहून परत आल्यावर. गुडघ्याचं ऑपरेशन आहे त्यांचं."

"आमच्या राजाचा गुडघा बरा होईपर्यंत माझ्या नवऱ्यानं जागं राहायचं?"

क्पाक्पोनं गाडीकडे बघितलं. आठ जणांनी मिळून स्पीकर उचलला, पेनड्राइव्हसकट, आमच्या एकुलत्या बॅटरीसकट. ओदार्ते दारात उभा होता. तो आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

दोन दिवस मी फोनवरचा समुद्र त्याच्या उशाशी लावून बघितला. तो म्हणायचा, "राहू दे, बॅटरी जाईल." तिसऱ्या दिवशी दुपारी मी कोमीचं घमेलं डोक्यावर घेतलं आणि राजवाड्यावर गेले. राजवाडा म्हणजे गुलाबी रंगाची दुमजली इमारत, वर पत्रा. फाटकाशी क्पाक्पोची दोन माणसं पेंगत होती. भर दुपारी कोमीवालीला आमच्या गावात कोणी अडवत नाही. माझं ठरलं होतं: पाचही पंचांना पोटभर जेवू घालायचं आणि मग पाय धरायचे.

निवाड्याच्या दालनाचं दार लोटलं होतं. आतून आवाज आला आणि मी थबकले. लाट येतानाची, मग लाट जातानाची.

आत पाच चटया. पाच पंच. मधोमध माझ्या नवऱ्याचा स्पीकर, आणि समुद्र चाललेला, इतका हळू, इतका नीट, जसा त्या डॉक्टरणीनं सांगितला होता अगदी तसा. पाचही म्हातारे गाढ झोपलेले. नुमो सोवा, गावाचे मुख्य ढोलकरी, ज्यांच्या पहिल्या टिपरीनं दर वर्षी बंदी उठते, ते हाताची उशी करून स्पीकरला जवळजवळ चिकटले होते. गेल्या चाळीस वर्षांत बंदीच्या महिन्यात देव ज्यांच्या कानात बोलतात ते हेच नुमो सोवा. बाकी चौघांनाही देव ऐकू येतात; ऐकू येत नसतील तर पंच होता येत नाही. पाऊस कधी, कोणाची जमीन कोणाची, कोणाची मुलगी कोणाला, सगळं देव शांततेत यांना सांगतात आणि हे आम्हाला सांगतात.

माझा नवरा तिकडे भिंतीकडे बघत पडलेला आणि हे इकडे त्याची झोप झोपत होते. माझं डोकं फिरलं. मी घमेलं खाली ठेवलं, वाकले आणि बॅटरीची वायर उपटली.

समुद्र थांबला. एक श्वास घेण्याइतका वेळ काहीच झालं नाही. मग पाचही जण एकदम उठून बसले, आणि पाचांचेही हात कानांवर गेले.

कोणी कोणाकडे आधी बघितलं ते सांगता येत नाही. पण बघितलं. हात तसेच कानांवर.

"लाव, पोरी," त्यांतले एक जण म्हणाले.

"पुरावा आहे ना हा? पुरावा वाजवत बसतात?"

"तपासत होतो आम्ही."

"तीन दिवस? घोरत?" मी वायर मुठीत धरली. "आधी सांगा, काय वाजतंय कानात?"

"देव बोलतात," चौघांपैकी दोघं एकदम म्हणाले.

"काय म्हणतात?"

बाहेर एक बकरी खोकली. मग नुमो सोवांनी कानांवरचे हात काढून मांडीवर ठेवले. ढोल वाजवून वाजवून त्यांची बोटं मुळ्यांसारखी झालेली आहेत.

"शीळ घालतात," ते म्हणाले. "माझे वडील गेले त्या वर्षापासून. त्यांच्या मयताला मी तीन दिवस ढोल सोडला नव्हता."

"आणि शब्द?"

"शब्द मी घालतो."

दुसरे पंच, शिंगवाले, आयुष्यभर शिंग फुंकलेलं, त्यांच्याकडे वळून म्हणाले, "तुलाही नुसती शीळ?" आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता त्यांचा. "मला वाटायचं, तुम्हा चौघांना नीट ऐकू येतं. माझंच काहीतरी चुकलंय, मलाच नुसतं पीं येतं. कळलं तर पंचांतून काढाल म्हणून..."

"मला घणघण येते," तिसरे म्हणाले. ते घंटावाले.

एका ओट्यावर तीस-चाळीस वर्षं मांडीला मांडी लावून बसलेली ही माणसं. प्रत्येकाच्या कानात तेच, आणि प्रत्येकजण दुसऱ्याला घाबरून देवाचं नाव पुढं करत होता. माझा राग अर्धाच उरला. उरलेला अर्धा मी मात्र सोडला नाही, कारण त्याचा उपयोग होणार होता.

"नुमो," मी म्हटलं, "या गावात माझ्यासमोर दिवसाला दोनशे माणसं उभी राहतात. कोमी घेतात, बोलतात. मी त्यांना काय सांगू?"

म्हातारा हुशार. "तू काय सांगितलं तर तुझा नवरा झोपेल?"

"स्पीकर परत पाहिजे. आजच."

"तो नेला तर आम्ही..." शिंगवाल्यांचा हात पुन्हा कानाकडे गेला.

"पोरी," नुमो सोवा म्हणाले, "जा, त्याला घेऊन ये आधी."

ओदार्ते यायला तयार नव्हता. मी म्हटलं, स्पीकर उचलायला माझ्या एकटीच्यानं होणार नाही, तेव्हा आला. दालनात येऊन मान खाली घालून उभा राहिला. त्याला वाटलं, निवाडा होतोय. नुमो सोवांनी त्याला आपल्या चटईवर बसवून घेतलं आणि विचारलं, "तुझी कशी आहे? बारीक का जाड?"

ओदार्तेनं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

"बारीक," तो म्हणाला. आणि मग ओठ मिटून त्यानं ती काढून दाखवली, वर, अगदी वर, नाकातून. सात महिने ही बाई माझ्या घरात राहत होती आणि मी तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

नुमो सोवांनी मान हलवली. "माझी याच्या खाली." त्यांनी आपली काढली. मग शिंगवाल्यांनी. मग घंटावाल्यांनी तोंडानं घणघण केलं, आणि राहिलेल्या दोघांनी आपापलं. दालनात सहा पुरुष नाकातून वेगवेगळे सूर काढत बसले होते, डोळे मिटून, एकमेकांचं ऐकत, चुकलं तर पुन्हा काढून दाखवत. "नाही, तुझी एवढी सरळ नाही, मधे जरा कापते." "हो, कापते, बरोबर, कसं ओळखलंस?" ओदार्ते हसला. मला तोंडावर पदर धरावा लागला.

तेवढ्यात दार उघडून क्पाक्पो आत आला, दंडावर फडकं, हातात काठी. "बंदीत गोंगाट कोण करतंय?"

नुमो सोवांनी सावकाश वर बघितलं. "तुला काही ऐकू आलं, क्पाक्पो?"

क्पाक्पोनं पाचही पंचांकडे पाहिलं, स्पीकरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पोरगा पुढं जाणार आहे. "नाही, नुमो. माझे कान वाजले असतील."

"होतं असं," नुमो सोवा म्हणाले. "जा."

निवाडा राजाचा गुडघा बरा व्हायची वाट न बघता त्याच दुपारी झाला. पंचांनी गावाला कळवलं की देवांनी कानात सांगितलंय: समुद्र म्हणजे ढोल नव्हे. समुद्र स्वतः देव, त्यातून मंगळवारचा, सुट्टीच्या दिवशीचा, निर्मळ. तेव्हा ओदार्ते गुन्हेगार नसून भक्त. दंड म्हणून जिनची एकच बाटली, ती समुद्राच्या नावानं पंच पितील. आवाज किती ठेवायचा ते मात्र आवो कोर्कोई ठरवतील. स्पीकर रात्री आमच्याकडे, दुपारी राजवाड्यावर. आवो कोर्कोई पहिले दोन दिवस फणफणल्या, मग म्हणाल्या, थोडा वाढवा, माझ्यापर्यंत येत नाही.

ओदार्ते रोज दुपारी हातगाडीवर स्पीकर घेऊन राजवाड्यावर जायचा आणि पंचांशेजारी सहावी चटई टाकायचा. एकदा त्यानं नुमोंना विचारलं, ही जाते का कधी. नुमो म्हणाले, "जात नाही. म्हातारी होते. मग आपल्याकडे काही मागत नाही." डॉक्टरणीनं हेच सांगितलं होतं, पण तिनं चाळीस वर्षं ऐकून सांगितलं नव्हतं.

त्यानं खिशातली पिवळी बोंडंही नुमोंना दाखवली. नुमोंनी ती खूप वेळ बोटांत दाबून पाहिली.

तिसाव्या दिवशी बंदी उठवायला सगळा गाव राजवाड्यासमोर जमला. नुमो सोवा ढोलासमोर उभे राहिले, टिपरी उचलली, आणि पुन्हा खाली ठेवली. मग सगळ्यांदेखत, एक उजव्या आणि एक डाव्या कानात, त्यांनी पिवळी बोंडं घातली. बाकीच्या चौघांनीही घातली. त्यानंतर ढोल वाजला.

गर्दीत एकदम कुजबुज झाली, की यंदा विधी वेगळा आहे. देवांनी बाजरीच्या रंगाचं बोंड मागितलंय. दुपारपर्यंत औषधाच्या दुकानातली खोकं संपली. संध्याकाळी लोक पिवळ्या स्पंजाचे तुकडे कापून पोरांच्या कानांत कोंबत होते. पाद्रीबुवांनी रविवारी मंतरलेली बोंडं वाटली, नाममात्र देणगीत. डॉक्टरीण लॅम्प्टे गेली चार वर्षं इस्पितळाच्या भिंतीवर कानाचं चित्र लावून बसली होती, त्यावर लोक थुंकायचे. तिला हे कळलं तेव्हा ती माझ्या पाटीवर येऊन दोन गोळे खाऊन गेली. तिसरा मी तिला तसाच दिला.

त्या संध्याकाळी ओदार्तेचे स्पीकर महिन्यानंतर उघड्यावर लागले. तो आपल्या टेबलामागे उभा होता, कानांत पिवळी बोंडं, बटणांवर बोटं. मी त्याच्यासाठी कोमी आणि मासळी घेऊन गेले. प्रश्न तोंडाशी आला. मी तो गिळला आणि त्याच्या चपलांकडे बघितलं.

त्यानं एक बोंड काढलं आणि माझ्याकडे वाकला. "आहे," तो म्हणाला. "पण आज मला तिच्यासाठी वेळ नाही." मग बोंड पुन्हा घातलं, मासळीचा तुकडा तोंडात टाकला आणि गावी आलेल्या लार्येच्या जर्मनीवाल्या भावाला, जो येऊन वाढव म्हणून खुणा करत होता, हातानं नाही म्हणून सांगितलं.